साळवेसरांचं फडताळ

साळवेसर कुणाच्याही घरी गेले की आधी प्लगपॉइंट शोधायचे, माणसं नंतर. दारात चपला काढता काढता त्यांची नजर भिंतीच्या खालच्या कडेनं फिरायची आणि पॉइंट दिसला की चेहरा खुलायचा. मग खांद्यावरची खाकी पिशवी उतरायची. तिच्यातून लॅपटॉप, वायरींचं भेंडोळं, एक्स्टेंशन बोर्ड आणि दाढीचा एक जुना ब्रश बाहेर यायचा. "चहा टाकू का?" म्हटलं की हात वर. "अहो कदमबाई, चहा कुठं पळून चाललाय? आधी ऐकू." माझ्या मुलीला बघायला मंडळी आली होती त्या दिवशीही हे माझ्या सिंथेसायझरपाशी बसून ब्रशनं पट्ट्यांमधली धूळ झाडत होते. मुलाच्या वडिलांना वाटलं, दुरुस्तीवाला आहे. त्यांनी विचारलं, "मिक्सर पण बघता का हो?" सर मान वर न करता म्हणाले, "बघतो. पण तो कधीच सुरात नसतो." ते स्थळ जमलं नाही. मुलगी आजही म्हणते की सरांचे उपकार आहेत.

अरुण साळवे. नोकरी टेलिफोन खात्यात, घर येरवड्यात, आणि संध्याकाळी नि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात सिंथ वाजवणं. मीही तेच करत आले. कर्वेनगरात मुलांचे क्लास घ्यायचे आणि लग्नं, हळदी, बारशी, वर्धापनदिन, जे येईल ते वाजवायचं. आमच्या धंद्यात बायका गायला लागतात, वाजवायला लागल्या की लोक वायर खरंच जोडलीय का ते बघायला येतात. मी या लाइनीत आले तेव्हा "मॅडम, तुमचे मिस्टर येणारेत का वाजवायला?" हे पहिलं वाक्य असायचं. साळवेसरांनी मात्र पहिल्या भेटीत विचारलं, "तुमच्याकडे बासरी कुठली आहे?" त्या एका प्रश्नावर मी त्यांना आयुष्यभरासाठी माफ करून टाकलं. काय माफ केलं ते विचारू नका, पुढं बरंच निघालं.

सिंथमधल्या आवाजाला आमच्यात टोन म्हणतात. बासरी, सनई, तारा, घुंगरू, सगळे टोनच. यंत्राबरोबर जे तयार टोन येतात ते बहुतेक विलायती असतात. आपली सनई त्यात नसते, आणि असली तर ती मोटारीच्या हॉर्नची बहीण असते. मग वाजवणारे बटणांशी झटून स्वतःचे टोन बनवायचे, आणि बनवले की जिवापाड लपवायचे. पुण्यातल्या त्या काळच्या वादकांची एक रीतच होती. सिंथच्या छोट्या काचेवर चालू टोनचा नंबर दिसतो, तो शेजारच्याला दिसू नये म्हणून काचेवर काळी चिकटपट्टी लावायची. एकाच स्टेजवर तीन-तीन सिंथ, तिन्हींच्या डोळ्यांना पट्टी. कार्यक्रम संपला की आधी टोन फ्लॉपीवर घेऊन सिंथमधून पुसायचे, मग घाम.

साळवेसरांना याची चीड होती. "आवाज ही काय झाकून ठेवायची वस्तू आहे?" असं म्हणायचे. ते हातानं नव्हे, कानानं वाजवायचे. खात्यातही म्हणे रिसीव्हर कानाला लावून, घरघर ऐकून सांगायचे की केबलमध्ये पाणी कुठं शिरलंय. तर नव्वदच्या दशकात त्यांनी घरी एक कॉम्प्युटर घेतला, आणि घरच्यांना वाटलं की आता मुलगी शिकेल. मुलीला त्या कॉम्प्युटरला हात लावायला वर्षभर मिळालं नाही. सरांनी पुस्तकं आणून, रात्रंदिवस डोकं लावून एक प्रोग्रॅम लिहिला. सिंथ आणि कॉम्प्युटर वायरनं जोडायचे, की सिंथमधले सगळे टोन पडद्यावर कप्प्याकप्प्यांत मांडून दिसायचे. हवा तो टोन हव्या त्या कप्प्यात, नावासकट. प्रोग्रॅमचं नाव 'फडताळ'. दोनच मोठी बटणं, 'घ्या' आणि 'ठेवा'. सगळं मराठीत. "इंग्रजीत का नाही?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "विलायतेत फडताळ नसतं."

हे फडताळ ते फुकट वाटत सुटले. आधी फ्लॉपीवरून, पुढं सीडीवरून, मग पेनड्राइव्हवरून. दोन अटी होत्या. पहिली, घेणाऱ्यानं स्वतः बनवलेला एक टोन फडताळात ठेवायचा. दुसरी, ते स्वतः घरी येऊन भरून देणार आणि समोर बसून सगळे टोन ऐकणार. नेटवर टाकायला सांगून आम्ही थकलो. "नेटवर टाकलं की घेतात सगळे, ऐकत कुणी नाही," असं त्यांचं उत्तर ठरलेलं. दर काही महिन्यांनी ते टोनमध्ये सुधारणा करायचे आणि नवा संच घेऊन पुन्हा घरोघर फिरायचे. त्या सिंथची रीत अशी की एक टोन बदलायचा असला तरी अख्खा संच आत जातो आणि आधीचा सगळा पुसला जातो. सर स्वतःसुद्धा जुना संच ठेवत नसत. "फडताळात दोन मिठं ठेवली की भाजी खारट होते," म्हणायचे.

त्या फडताळातला हिरा म्हणजे त्यांची सनई. काय सांगू! लग्नाच्या हॉलमध्ये ती सुरू झाली की आचारीसुद्धा हात पुसत दारात यायचे. थोडी ओलसर, थोडी नाकातली, आणि वरच्या सुरांवर गेली तरी कानाला न बोचणारी. ती सनई शनिवार पेठेतल्या मुंजीत वाजली, विहारात लागलेल्या लग्नांत वाजली, खडकवासल्याकडच्या गावांत मांडवाखाली वाजली. ती साळवेसरांची आहे हे ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सरांना त्याचं काही वाटत नव्हतं.

आता दामल्यांना आत घ्यायला हवं, नाहीतर ते रागावतील. दामले शनिवार पेठेतले, किरकोळ अंगाचे, तोंडानं तिखट. चिकटपट्टीवाल्यांचे मुकुटमणी. हा माणूस काचेवर पट्टी लावून वर रुमाल टाकायचा. साळवेसर त्यांच्याकडे फडताळ घेऊन गेले तेव्हा दामल्यांनी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाले, "आम्हाला गरज नाही, आम्ही आमचे टोन वर्तमानपत्रातून वाटत नाही." सर म्हणाले, "प्लगपॉइंट कुठंय?" आणि आत गेले. अटीप्रमाणे एक टोन द्यायचा होता. दामल्यांनी मुद्दाम सगळ्यात टाकाऊ टोन दिला. गंजलेल्या झोपाळ्यासारखा करकरायचा तो. सरांनी तो निमूट भरून घेतला. पुढच्या वेळी आले तेव्हा त्या करकरीचा त्यांनी इतका हळुवार टोन केला होता की बारशाला पाळण्यासाठी सगळे तोच लावू लागले. आणि नाव काय दिलं? 'दामले झोपाळा'. पुण्यात त्यानंतर जन्मलेल्या निम्म्या पोरांना दामल्यांच्या नावानं झोप लागली असेल. दामल्यांनी त्या दिवशी काचेवरची पट्टी काढली. पट्टीचा चिकट डाग मात्र राहिला, तो पुढं सरांनीच रॉकेलनं काढला. त्यानंतर हे दोघं असे जोडीला असायचे की एकाला कार्यक्रमाची सुपारी दिली की दुसराही येणार, हे लोक धरूनच चालायचे.

एकदा मी सरांना छेडलं, "सर, एवढं फुकट वाटता, घरी वहिनी काही म्हणत नाहीत?" दामलेही होते. सर हसले आणि सहज बोलून गेले.

"अहो, शाळेत आम्हाला गाण्याचे मास्तर होते. पेटीला मी हात लावायचा नाही, दाराशी बसून ऐकायचं, असं होतं. मग एकदा साहेब तपासणीला आले. सगळ्या मुलांना समान शिकवतात का, ते बघायला. मास्तरांनी मला बोलावलं, म्हणाले, ये अरुण, वाजव. मी नुसतं ऐकून ऐकून शिकलेलो, वाजवलं. साहेब खूश. साहेब गेले, तसं मास्तरांनी ओलं फडकं घेतलं आणि पट्ट्या पुसल्या. पेटी उघडीच होती, भात्यात हवा होती. फडकं फिरलं तसे सगळे सूर एकदम वाजले, इकडून तिकडपर्यंत." मग ब्रश उचलून पट्ट्या झाडायला लागले. "एवढे टोन केले, पण तो आवाज काही जमला नाही मला."

सर म्हणाले, "त्या दिवशी ठरवलं, आपल्याकडे जे असेल त्याला कुणीही हात लावावा. चला, आता चहा टाका."

हे सगळं सांगायचं कारण, पुढं जे झालं ते याच्याशिवाय कळणार नाही.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सर निवृत्त झालेले, त्यामुळे फेऱ्या वाढलेल्या. एक नवा संच घेऊन आले, भरला, नेहमीसारखे ऐकायला बसले. ऐकताना डोळे मिटून तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवायची सवय अलीकडे लागली होती. त्यांनी सनई लावली आणि मी दचकलेच. तीच सनई, पण कानात सुई घातल्यासारखी. सर मात्र समाधानानं मान डोलवत होते. "कशी आहे? जरा मंदावली होती, धार दिली थोडी."

मी काही पोटात ठेवणाऱ्यांतली नाही. म्हटलं, "सर, धार नाही, कात्री झालीय तिची. टोचतेय."

"कदमबाई, दिवसभर पोरांच्या क्लासमध्ये बसता, तुमचा कान बोथट झालाय," ते हसून म्हणाले. मी फणकारले. माझा कान बोथट! पण नंतर भांडी घासताना एकदम लक्षात आलं आणि हात थांबले. दारावरची बेल वाजली होती तेव्हा सरांनी मान वळवली नव्हती. वहिनींना फोन केला. शोभावहिनी कुजबुजत म्हणाल्या, "कपडे धुवायचं मशीन संपलं की पीप पीप करतं ना, ते यांना ऐकूच येत नाही हो. मी म्हटलं तपासून घ्या, तर दोन दिवस जेवले नाहीत."

म्हणजे बारीक, वरचे आवाज सरांच्या कानातून एकेक करून निघून चालले होते. त्यांना वाटायचं टोन मंद झाला, म्हणून ते धार वाढवायचे. पुढच्या संचात आणखी. तारा, बासरी, घुंगरू, एकेक करत सगळं फडताळ टोचायला लागलं. ज्या माणसाकडे कानाशिवाय दुसरं काही नव्हतं त्याचा कानच चालला होता, आणि जाता जाता त्यानं आयुष्यभर जमवलेलं खराब करत चालला होता. जुनं त्यांच्याकडे उरतच नव्हतं.

आम्ही चार-पाच जण दामल्यांकडे जमलो. दामल्यांनी आधीच तोड काढून ठेवली होती. चांगल्या दिवसांतला जुना संच त्यांनी एका पेनड्राइव्हवर वेगळा ठेवला होता. सर नवा संच भरायला आले की भरू द्यायचा, समोर बसून वाहवा करायची, आणि ते गेले की जुना परत भरायचा. साउंडवाल्यालाही, सरांपाशी काही बोलू नको, असं सांगून ठेवायचं.

"आणि त्यांना सांगायचं कुणी?" मी विचारलं.

"कशाला सांगायचं?" दामले म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा तिखट नव्हता. "त्या माणसाला दुखवून काय मिळणार आहे? आपलं जातं काय?"

"जातं ना! उद्या नवीन कुणी सरांकडून घेतलं तर त्याला हेच टोचणारं मिळणार. त्याच्याकडे तुमचा पेनड्राइव्ह नाही."

"मग त्यालाही देऊ."

"आणि सरांना कधी कळलं तर?"

"कळत नाही हो," दामले म्हणाले. "कळलं असतं तर हे झालंच नसतं."

वर्ष-दीड वर्ष तसंच चाललं. सर यायचे, भरायचे, मान डोलवायचे, पिशवी आवरून बसथांब्याकडे जायचे, आणि घरोघर फडताळ पुन्हा जुनं व्हायचं. मला ते बघवायचं नाही. दामले तर सर गेल्यावर जुना संच भरताना खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे.

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सरांच्या घरी बैठक असायची. वहिनींचं उप्पीट, आणि प्रत्येकानं नवा टोन ऐकवायचा. अशाच एका रविवारी सुरेश आला. सुरेश खडकवासल्याच्या बाजूचा, शेती सांभाळून हळदीत-लग्नांत वाजवणारा, मनानं सरळ. सरांनी त्याला नुकतंच फडताळ दिलं होतं, आणि आमच्या त्या कारस्थानात तो नव्हता. सिंथ स्कूटरला बांधून आला, आत आला, बसलाही नाही.

"सर, रागावू नका, पर तुमी दिलेली सनई लई टोचती हाय. परवाच्या लग्नात नवरीच्या आजीनं कानात बोटं घातली. हॉलवाल्यानं मला बंद करायला लावलं."

सर शांतपणे म्हणाले, "स्पीकर कुणाचे होते?"

"स्पीकर चांगलंच व्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच हॉलमधी, त्याच स्पीकरवर दामलेसर वाजवत व्हते. तेंची सनई कशी गोड! मी साउंडवाल्याला इचारलं, तर तो म्हनला, तेंच्याकडं जुनीच हाय. सर नवी भरून गेलं की समदे मागनं पुसून जुनी भरत्यात. मला म्हाईतच नव्हतं. मलाबी जुनी द्या की."

वहिनी उप्पिटाच्या बशा घेऊन आल्या होत्या, तशाच उभ्या राहिल्या. सरांनी सुरेशचं बोलणं त्याच्या ओठांकडे बघत नीट ऐकलं होतं. मग ते दामल्यांकडे वळले.

"दामले, खरं का?"

दामल्यांच्या तोंडाला कधी शब्द कमी पडलेले मी पाहिले नव्हते. ते म्हणाले, "साळवे, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मला ऐकू येत नाही, एवढंच ना? मग सांगायचंत." सर अजिबात ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "मास्तरांनी निदान साहेबांसाठी केलं होतं. तुम्ही कुणासाठी केलंत? समोर वाजवू दिलंत, वा वा म्हणालात, आणि माझी पाठ फिरली की पुसलंत."

दामले उभे राहिले, काही बोलायला गेले, आणि खाली बसले. सुरेश बिचारा "माझं काय चुकलं का, सर?" असं विचारत राहिला. सर त्याला म्हणाले, "तुमचं नाही चुकलं. या घरात तुम्ही एकटेच खरं बोललात." मग त्यांनी लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळल्या आणि आतल्या खोलीत गेले. आम्ही उप्पीट न खाता उठलो. जिन्यात दामले कठडा धरून थांबले. मी त्यांना "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणणार होते. त्यांचा चेहरा बघितला आणि राहू दिलं.

बैठका बंद झाल्या. सर कुणाकडे फिरकेनात, स्वतःहून फोनही करेनात. पावसाळ्याआधी मी एकदा दामल्यांना गाठलं. म्हटलं, "जाऊन आलात का?"

"दोनदा गेलो," दामले म्हणाले. "दोन्ही वेळा बेल वाजवून वाजवून दमलो. आत पंखा चालू होता, चप्पल दारात होती. त्यांनी दार उघडलं नाही. माझं तोंड बघायचं नाही त्यांना, आणि बरोबरच आहे."

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले, मुद्दाम वहिनी कामावरून परत येण्याच्या वेळी. सर खिडकीशी बसले होते. कानात यंत्र घातलं होतं, ते त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "बोलणं कळतं याच्यानं, पण सूर पत्र्यावर आपटल्यासारखे येतात," म्हणाले. सिंथवर चादर टाकलेली होती. इकडचं तिकडचं झाल्यावर स्वतःच म्हणाले, "सगळे आले हो एकेक करून, शोभा घरी असताना. दामले तेवढा आला नाही. एवढी वर्षं... आणि माफी मागायलासुद्धा यायचं नाही?"

मी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी माझ्याकडे. मला रडू आलं आणि रागही आला, दोघांचाही. म्हटलं, "सर, दुपारी यंत्र घालता का?"

"एकटा असताना कशाला घालू? बोलायचं कुणाशी?"

"दामले दोनदा येऊन गेले! बेल वाजवून वाजवून बोट दुखलं त्यांचं. त्यांना वाटतं तुम्ही मुद्दाम दार उघडलं नाहीत."

सरांनी मग यंत्र कानातून काढून हातात घेतलं, परत घातलं. "फोन करायचा," म्हणाले, "फोन खिशात थरथरतो तो कळतो मला." मी तिथूनच दामल्यांना फोन लावला आणि सांगितलं, काय ते आजच करा, आणि बेल वाजवू नका, दारावर दणके द्या.

त्या भेटीत दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. दामल्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नाही पण खरं आहे. एवढंच कळलं, की दामल्यांनी तो पेनड्राइव्ह सरांच्या हातात ठेवला आणि जुना संच फडताळात परत आला. सरांनी स्वतः सगळ्यांना निरोप दिले, की हाच घ्या, यापुढं मी बदल करणार नाही. सुरेशला पहिल्यांदा दिला.

पण घेतलं की एक द्यायचं, ही अट त्यांनीच घातलेली. दामल्यांकडून घेतलं होतं, तेव्हा सरांनी एक टोन दामल्यांना दिला. तीच नवी, टोचणारी सनई. दामल्यांच्या सिंथच्या सगळ्यात शेवटच्या कप्प्यात ठेवली आणि म्हणाले, "ही माझी. वाजवू नका. पण पुसूही नका." ती अजून तिथंच आहे. मी एकदा दामल्यांकडे बसले असताना चुकून तो कप्पा दाबणार होते, तर त्यांनी माझा हात धरला.

सर आता नाहीत. मागच्या पावसाळ्यात मुलीकडे नागपूरला गेले होते, तिथंच गेले. त्याआधीच्या एप्रिलमधला जयंतीचा कार्यक्रम ही माझी त्यांची शेवटची आठवण.

येरवड्यात मोकळ्या मैदानावर मांडव होता, निळे झेंडे, पुढं खुर्च्यांची एक रांग, तिच्या मागं सतरंज्यांवर बायका आणि पोरं. सिंथवर सुरेश होता, स्टेजच्या कडेला दामले त्याच्या वायरी बघत होते. सर माझ्या शेजारी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. गाणी सुरू झाली आणि थोड्या वेळानं त्यांनी उठून खुर्ची उलटी फिरवली. स्टेजकडे पाठ, लोकांकडे तोंड. एक कार्यकर्ता धावत आला, "सर, स्टेज तिकडं आहे." "असू दे, मला इथून बरं दिसतं," सर म्हणाले. यंत्र काढून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं होतं.

मग एका गाण्याच्या मधल्या जागेत सुरेशनं सनई लावली. तीच, जुनी. थोडी ओलसर, थोडी नाकातली. वरच्या सुरांवर गेली आणि तिथं थांबून राहिली. सर सतरंजीवरच्या लोकांकडे बघत होते, एकेका चेहऱ्यावरून सावकाश नजर फिरवत. एक म्हातारी डोळे मिटून डुलत होती, आणि तिच्या मांडीवरचं पोर झोपलेलं होतं, ते उठलं नाही. सर माझ्याकडे झुकले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे, गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाले, "कदमबाई, सनई सुरू झाली का?"

निम्मी वाजून झाली होती. मी मान हलवली.

त्यांनी पुन्हा एकदा त्या म्हातारीकडे आणि झोपलेल्या पोराकडे बघितलं. "मग बरोबर आहे," म्हणाले.